आराखड्याच्या कोपऱ्यातलं नाव

मेलबर्नला माझ्या मावसभावाकडे २००७ सालची होल्डन कमोडोर होती, सेकंडहँड घेतलेली. तिकडे गेलो असताना त्याने एका सकाळी किल्ली हातात दिली. हँडब्रेक सोडायला हात सवयीच्या जागी गेला, तर तिथे लिव्हरच नाही. दोन सीटच्या मधल्या कन्सोलची एक कड हाच हँडब्रेक होता, आणि खाली असताना तो कन्सोलच्या अंगात बेमालूम बसत होता. "नवीन माणूस शोधतोच," भाऊ म्हणाला. माझी सगळी नोकरी पुण्यात मोटारींच्या भागांची ड्रॉइंग करण्यात गेली आहे, त्यामुळे गाडी सुरू करायची सोडून मी तो कन्सोल चाचपत बसलो. त्याला डावी-उजवी बाजूच नव्हती. स्टिअरिंग कुठल्याही बाजूला बसवलं तरी मधला साचा तोच राहावा आणि नवीन डायचा खर्च वाचावा, म्हणून तो तसा आखला होता.

ऑस्ट्रेलियात स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे. फक्त घरच्या गिऱ्हाइकासाठी गाडी करणाऱ्याला डाव्या स्टिअरिंगची चिंता करायचं कारण नाही. या लोकांनी ती पहिल्या रेघेपासून केली होती, कारण त्यांना हा सांगाडा जगभर न्यायचा होता. तो गेलाही. पण तो कुठे जाईल, किती दिवस चालेल आणि कधी बंद होईल, यातलं काहीच आखणाऱ्यांच्या हातात नव्हतं. त्यांच्या सरकारने वर्षानुवर्षं पैसा ओतला, आणि तरीही तो हक्क कधी मागितला नाही. आपणही मागत नाही, म्हणून ही ऑस्ट्रेलियाची गोष्ट मराठीत सांगावीशी वाटते.

त्या सांगाड्याचं नाव झीटा. मोटारीचा प्लॅटफॉर्म म्हणजे वरचा पत्रा आणि दिवे सोडून उरतं ते: खालचा फ्लोअर, इंजिन आणि माणसं यांच्यामधली भिंत, सस्पेन्शनचे बिंदू, पुढच्या चाकापासून चालकाच्या पायापर्यंतचं अंतर. यातलं बरंचसं एकदा ठरलं की बदलणं फार महाग पडतं. झीटा मागच्या चाकांवर चालणारा होता. इंजिन पुढे, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, त्यामागे गिअरबॉक्स, मग मधल्या बोगद्यातून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आणि शेवटी मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल. ॲम्बॅसॅडरमध्ये मागे मधोमध बसून ज्यांनी तासन्‌तास पाय आखडून प्रवास केला आहे, त्यांना तो बोगदा सांगायला नको. या रचनेला जागा जास्त लागते, वजन वाढतं, पण पुढची चाकं फक्त वळायचं काम करतात आणि मागची फक्त ढकलायचं. ओढायला ट्रेलर असेल, लांबच लांब रस्ता असेल, ताकदवान व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) असेल, तर तिला तोड नाही. ऑस्ट्रेलियात हे तिन्ही होतं.

होल्डन हे तिथलं घरचं नाव. १८५६ मध्ये ॲडलेडला खोगीर आणि घोड्यांचं सामान विकणारी ही पेढी पुढे मोटारींच्या बॉडी करू लागली आणि १९३१ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडे, म्हणजे जीएमकडे, गेली. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी पंतप्रधान बेन चिफली यांनी मेलबर्नजवळच्या फिशरमन्स बेंड इथे 'ऑस्ट्रेलियाची स्वतःची मोटार' जनतेसमोर आणली. तिचा मूळ आराखडा डेट्रॉइटने, म्हणजे जीएमच्या मुख्यालयाने, बाजूला ठेवलेला होता. भांडवल मात्र ऑस्ट्रेलियातल्या बँकांच्या कर्जातून उभं राहिलं, आणि त्यात सरकारी मालकीच्या कॉमनवेल्थ बँकेचा वाटा मोठा होता. म्हणजे पैसा इथला, घाम इथला, मालकी तिथली, अशी घडी पहिल्याच दिवशी बसली. पुढची सत्तर वर्षं ती कुणी मोडली नाही.

१९७८ ची पहिली कमोडोर जर्मनीतल्या ओपेलच्या गाडीवर बेतलेली होती. १९९७ ची कमोडोरसुद्धा ओपेल ओमेगावरूनच आली, फक्त तिथले खडबडीत रस्ते आणि प्रचंड अंतरं यांसाठी रुंद आणि मजबूत केलेली. दुसऱ्याचा आराखडा आपल्या रस्त्यासाठी सुधारणं, हे काम आम्ही पुण्याचे लोक चांगलं ओळखतो. त्यातूनच हात तयार होतो. होल्डनचा झाला. त्यांनी कमोडोरवरून मोनारो नावाची दोन दारांची गाडी काढली. जीएमचे उपाध्यक्ष बॉब लुट्झ यांना ती इतकी आवडली की २००४ पासून ती अमेरिकेत पॉन्टिॲक जीटीओ या नावाने विकली गेली. ओपेलकडे तेव्हा त्या आकाराची मागच्या चाकांची नवी गाडी येत नव्हती. मग ठरलं, की पुढचा सांगाडा मेलबर्नच्या मंडळींनी कोऱ्या कागदापासून आखायचा.

एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त खर्च करून २००६ च्या जुलैत व्हीई कमोडोर आली. कुणाचीही उसनी चासी न घेता, मुळापासून ऑस्ट्रेलियात आखलेली ती पहिली कमोडोर. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २९१५ मिलिमीटर. तोच सांगाडा ताणून ३००९ केला आणि त्यावर लांब स्टेट्समन व कॅप्रिस बसवल्या, शिवाय मागे उघडा हौदा असलेली यूट, म्हणजे तिथल्या सुताराची, शेतकऱ्याची, प्लंबरची गाडी. आखूड करून २८५२ केला, त्यावर शेवरोले कॅमारो उभी राहिली. कॅमारो म्हणजे अमेरिकेच्या तरुणपणाची खूण. तिच्या पाचव्या पिढीचं इंजिनिअरिंग मेलबर्नमध्ये झालं, आणि २००९ च्या मार्चपासून ती कॅनडात ओशावा इथे बनू लागली. त्याशिवाय आखातात शेवरोले ल्युमिना, ब्राझीलमध्ये ओमेगा, ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉल व्हीएक्सआर-८, चीनमध्ये ब्यूक पार्क अव्हेन्यू, कोरियात देवू व्हेरिटास, अमेरिकेत पॉन्टिॲक जी-८, नंतर तिथल्या पोलिसांसाठी कॅप्रिस आणि शेवटी शेवरोले एसएस. अडीच कोटींपेक्षा कमी लोकवस्तीच्या देशातल्या माणसांनी हे केलं. एखाद्या इंजिनिअरने यापेक्षा जास्त काय करून दाखवायचं?

आता हीच वर्षं डेट्रॉइटच्या बाजूने बघू. उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्या याच कुटुंबातल्या सांगाड्यावर उभ्या करायचा बेत होता. २००५ मध्ये तो थांबवला, कारण पैसा आणि माणसं मोठ्या ट्रकांच्या नव्या पिढीकडे वळवायची होती. नंतर बेत पुन्हा जिवंत झाला. २००७ मध्ये अमेरिकेत इंधनाचे नियम कडक होण्याची चिन्हं दिसताच परत हात आखडले. पॉन्टिॲक जी-८ अमेरिकेत २००८ मध्ये विकायला लागली. एप्रिल २००९ मध्ये, दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना, जीएमने पॉन्टिॲक हे नावच पुसायचं ठरवलं. गाडी वाईट होती म्हणून नव्हे, ती चालवणाऱ्यांनी तर तिचं कौतुक केलं होतं. पण नाव गेलं की त्यावर बेतलेली एलिझाबेथची निर्यात गेली. ॲडलेडच्या उत्तरेला असलेल्या एलिझाबेथ या गावातल्या होल्डनच्या कारखान्याने निर्यातीच्या हिशोबाने पाळ्या आखल्या होत्या. निर्णय झाला त्या बैठकीत त्या गावाला खुर्ची नव्हती.

कॅमारोचं तर मला अजून वाईट वाटतं. अमेरिकेत २०१० पासून सलग पाच वर्षं तिने फोर्डच्या मस्टँगपेक्षा जास्त विक्री केली. ती मेलबर्नच्या माणसांनी आखलेली गाडी होती, आणि ती फक्त डाव्या स्टिअरिंगची निघाली. ज्यांनी कन्सोलला डावी-उजवी बाजू ठेवली नाही, त्यांच्या देशात ती कंपनीच्या दुकानात मिळालीच नाही.

सरकारचं काय? होल्डनने स्वतःच २०१३ मध्ये सांगितलं की २००१ ते २०१२ या काळात तिला संघराज्य सरकारकडून २.१७ अब्ज डॉलरचं साहाय्य मिळालं. मार्च २०१२ मध्ये ज्युलिया गिलार्ड यांच्या सरकारने दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरिया या राज्यांसह आणखी २७.५ कोटी डॉलर जाहीर केले. बदल्यात जीएम एक अब्जाची गुंतवणूक करणार आणि किमान २०२२ पर्यंत ऑस्ट्रेलियात मोटारी बनवणार, असं सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी सरकार बदललं. नवे अर्थमंत्री जो हॉकी यांनी १० डिसेंबर २०१३ रोजी संसदेत कंपनीला थेट विचारलं की राहणार आहात की नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: २०१७ मध्ये उत्पादन बंद. फोर्डने आधीच जाहीर केलं होतं, टोयोटाने दोन महिन्यांत केलं. २० ऑक्टोबर २०१७ रोजी एलिझाबेथहून शेवटची कमोडोर बाहेर पडली, तेव्हा आत साडेनऊशेच्या आसपास कामगार उरले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये जीएमने होल्डन हे नावही बंद करत असल्याचं सांगितलं, आणि फिशरमन्स बेंडचा डिझाइन विभाग गेला. लँग लँगचा चाचणी ट्रॅक, जिथे १९५७ पासून गाड्या धुळीत आणि खड्ड्यांत तपासल्या जात होत्या, व्हिएतनामच्या एका कंपनीने विकत घेतला.

यावर तिथे वाद झाला तो एकाच खुंटीभोवती: अनुदान द्यावं की देऊ नये. एक बाजू म्हणायची, बुडत्या कारखान्याला लोकांचा पैसा कशाला. तिच्याकडे मुद्दे होते. बाजार वर्षाला अकरा लाख गाड्यांचा, आणि त्यात साठाच्या वर ब्रँड. ऐंशीच्या दशकात ५७.५ टक्के असलेलं आयात शुल्क तेव्हाचे उद्योगमंत्री जॉन बटन यांच्या योजनेपासून उतरत २०१० मध्ये ५ टक्क्यांवर आलं. २००५ च्या करारानंतर थायलंडहून पिकअप बिनशुल्क यायला लागले. खाणींच्या भरभराटीमुळे ऑस्ट्रेलियन डॉलर अमेरिकन डॉलरच्याही वर गेला, मग निर्यात कशी परवडणार? शिवाय १९९६ पासून सलग १५ वर्षं देशात सर्वाधिक विकली गेलेली कमोडोर २०११ मध्ये छोट्या माझदाच्या मागे पडली. लोकांची आवडच बदलली होती. दुसरी बाजू म्हणायची, पैसा द्या, कारण कारखाना गेला की शेकडो वेंडर, हजारो हात आणि कसब जातं. तेही खरं.

माझं म्हणणं असं, की दोघांनीही चुकीच्या ठिकाणी बोट ठेवलं. कारखाना कदाचित वाचलाच नसता. पण दोन अब्ज देताना सरकारने मोबदल्यात फक्त नोकऱ्यांचा शब्द घेतला, आणि शब्दाला मुदत असते. आराखड्यावर, टूलिंगवर (भाग घडवायच्या साच्यांवर आणि अवजारांवर), चाचणीच्या नोंदींवर, कंपनी निघाली तर तिथल्याच दुसऱ्या कुणाला ते चालवू देण्यावर, कशावरही हक्क घेतला नाही. झीटाचा शेवटचा बोल्टसुद्धा डेट्रॉइटच्या मालकीचा राहिला.

असा हक्क कोण देतं, असं मला हमखास विचारलं जातं. त्याच कंपनीने, पॉन्टिॲक पुसलं त्याच वर्षी, दिला. २००९ च्या दिवाळखोरीत अमेरिकेच्या सरकारने पैसा दिला आणि नव्या जीएमचे सुमारे ६१ टक्के शेअर घेतले. कॅनडा आणि ओंटारिओच्या सरकारांनी मिळून जवळपास १२ टक्के घेतले. हे कबूल करायला हवं की शेअर असूनही कॅमारो २०१५ च्या अखेरीस ओशावाहून मिशिगनमधल्या लॅन्सिंगला गेलीच, आणि तोवर कॅनडाने आपला हिस्सा विकूनही टाकला होता. शेअर म्हणजे रामबाण नाही. पण त्यांनी विकायला काहीतरी हातात ठेवलं होतं. कॅनबेराने, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सरकारने, दिलं ते परत न येणारं अनुदान होतं.

आणि आराखड्याचा हक्क ही कागदी गोष्ट आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी स्वीडनच्या साबकडे बघावं. जीएमने साब विकली. डिसेंबर २००९ मध्ये जुन्या साब मोटारींचं तंत्रज्ञान बीजिंगच्या बीएआयसीने विकत घेतलं आणि त्यावर स्वतःच्या गाड्या उभ्या केल्या. इकडे साबकडे कारखाना होता, कामगार होते, नाव होतं, पण नव्या गाड्यांच्या तंत्रज्ञानाचा परवाना जीएमकडे होता. २०११ मध्ये चिनी खरेदीदार पैसे घेऊन आले तेव्हा जीएमने परवाना पुढे चालू ठेवायला नकार दिला, आणि १९ डिसेंबरला साब दिवाळखोरीत गेली. कारखाना ज्याचा त्याचं काही चाललं नाही. ब्रिटनमध्ये एमजी रोव्हर कोसळण्याच्या काही महिने आधी शांघायच्या एसएआयसीने रोव्हरच्या दोन गाड्यांचे आणि इंजिनाचे आराखडे ६.७ कोटी पौंडांना घेतले होते. एप्रिल २००५ मध्ये लाँगब्रिजचा कारखाना बंद पडला, सहा हजारांच्या आसपास माणसं घरी बसली, आणि रोव्हर ७५ चीनमध्ये रोवी नावाने पुन्हा जन्मली. पुढे नानजिंगच्या कंपनीशी एकत्र येऊन एमजी हे नावही एसएआयसीच्या हाती आलं. २०१७ मध्ये याच कंपनीने गुजरातमधला हालोलचा कारखाना घेतला, जो आधी जीएमचा होता. आज आपल्या रस्त्यावर एमजीच्या गाड्या दिसतात त्याची साखळी तिथून येते. विटा-पत्रे घेणारे वेगळे आणि रेघा घेणारे वेगळे. टिकले रेघा घेणारे.

आता आपलं तळेगाव. एमआयडीसीतला जीएमचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. मे २०१७ मध्ये, म्हणजे एलिझाबेथ बंद व्हायच्या पाच महिने आधी, जीएमने भारतात गाड्या विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. तळेगावातून निर्यातीच्या गाड्या डिसेंबर २०२० पर्यंत निघत राहिल्या, मग तेही थांबलं. हजाराहून जास्त कामगार कोर्टकचेऱ्यांत अडकले. चिनी ग्रेट वॉलला कारखाना विकायचा करार जानेवारी २०२० मध्ये झाला होता, तो केंद्राच्या मंजुरीअभावी २०२२ मध्ये बारगळला. अखेर २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घ्यायचं ठरवलं. जागा पुन्हा कामाला लागली ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण जीएमच्या त्या बारा वर्षांत तळेगावात जे शिकलं गेलं, त्यातलं महाराष्ट्राच्या नावावर काय राहिलं?

२०२२ च्या सप्टेंबरात वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा आठवडाभर रान पेटलं होतं. दीड लाख कोटी, एक लाख रोजगार, कुणाच्या काळात गेलं, कुणामुळे गेलं. त्या गदारोळात तंत्रज्ञान कुणाचं असणार, हे विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. पुढच्या जुलैत फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेरच पडली.

ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. टायटल ब्लॉक. भागाचं नाव, नंबर, मटेरियल, स्केल, कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं. आणि बारीक अक्षरात एक ओळ: हे रेखाचित्र अमुक कंपनीची मालमत्ता आहे. एका परदेशी गाडीच्या मागच्या सबफ्रेमला बसणाऱ्या ब्रॅकेटवर मी अकरा महिने घालवले होते. आपल्या रस्त्यांच्या खड्ड्यांत त्याचं वेल्डिंग तडकत होतं, म्हणून पत्र्याची घडी बदलली, एक भोक पाच मिलिमीटर सरकवलं, आणि तो टिकला. 'ड्रॉन बाय' समोर माझी तीन अक्षरं आहेत. खालच्या ओळीत दुसऱ्या देशातल्या कंपनीचं नाव आहे. मला पगार मिळाला, तक्रार नाही. पण ते भोक कुठे आणि का सरकवायचं हे कळलं या मातीतल्या खड्ड्यांमुळे, आणि ते ज्ञान त्या ओळीबरोबर निघून गेलं.

पिंपरीत वेगळं उदाहरण उभं आहे. टाटांनी २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर विकत घेतली, आणि २०१९ च्या हॅरिअरचा सांगाडा लँड रोव्हरच्या डी-८ वरून घडवला गेला. तिथे खालच्या ओळीत नाव आपल्याच घरातलं आहे. चाकणमध्ये महिंद्राच्या नव्या विजेवरच्या गाड्या बनतात, त्यांचा इन्ग्लो सांगाडा एकाहून जास्त गाड्यांना पुरतो आणि त्यांची मागची चाकं फिरतात. विजेची मोटर मागच्या आसावर बसवता येते, बोगदा लागत नाही, म्हणून मागच्या चाकांची रचना परत आली आहे. पण चाकण-तळेगाव पट्ट्यात बाहेरच्या कंपन्यांचे सांगाडेही आपल्या रस्त्यांसाठी घडवले जातात, पुण्याच्या पोरांच्या हातून. त्यांना सवलती देताना राज्य काय लिहून घेतं?

माझ्या मते तीन गोष्टी लिहून घ्यायला हव्यात, आणि करार जनतेला वाचायला मिळायला हवा. मोठी मदत असेल तर हिस्सा घ्यावा, नाहीतर मुदतीआधी गेल्यास पैसा व्याजासह परत यावा. इथल्या रस्त्यांसाठी इथे झालेल्या बदलांवर राज्यातल्या एखाद्या सार्वजनिक संस्थेचा वापरहक्क असावा. पुण्यात मोटारींचं संशोधन आणि चाचण्या करणारी एआरएआय १९६६ पासून आहे, कुठे ठेवायचं हा प्रश्नच नाही. आणि कंपनी निघाली, तर टूलिंग आणि त्या मॉडेलचा परवाना आधीच ठरलेल्या किमतीला दुसऱ्या कुणाला घेता यावा. यावर कुणी म्हणेल, मग कंपन्या तमिळनाडूला जातील. जातील, जोवर प्रत्येक राज्य एकटं बोलेल. म्हणून ही अट केंद्राने सगळ्यांसाठी एकच करावी, उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहन योजनेतच घालावी. जीएमने अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या सरकारांची अट मानली, कारण त्या दिवशी तिला पैसा हवा होता. आपल्याकडेही कंपनी दारात येते तो दिवस असतो. नंतर आपल्या हातात फक्त जमिनीचा सातबारा उरतो.

भावाची कमोडोर अजून चालते. सुटे भाग मिळणं मात्र कठीण होत चाललंय, तो भंगारवाल्याकडून घेतो. मागच्या वेळी फोनवर सांगत होता, कन्सोलचा एक तुकडा तुटला होता आणि त्याला तो एका डाव्या स्टिअरिंगच्या गाडीतून काढलेला मिळाला. बसला का, मी विचारलं. तंतोतंत, म्हणाला.